खानापूरहून बेळगावला रोजची ये-जा

शहराजवळच्या लहान गावात राहिल्यास खर्च बराच वाचतो, असे मत आपण मांडले आहे; त्याला खानापूरच्या संदर्भात थोडी पुस्ती जोडावीशी वाटते. खानापूरपासून बेळगाव सुमारे 26 किलोमीटरवर असून रेल्वेचीही सोय आहे. तरीही तज्ज्ञ डॉक्टरांसाठी तिकडेच धाव घ्यावी लागते. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा नदी गावाला लागून वाहते, हे सुख मात्र शहरात मिळणार नाही. मला खरी काळजी वाटते ती कामधंद्याची. ज्या मातीच्या कौलांमुळे आणि भांड्यांमुळे खानापूरचे नाव झाले, तो व्यवसाय मागे पडून तरुण मुले बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) पाळीवर जातात, आणि दुसरी पाळी संपल्यावर परतीची बस नसेल, तर तिकडेच खोली घेतात. म्हणून रात्रीच्या बसची मागणी आपण सर्वांनी लावून धरावी.