ध्वनिवर्धक, प्रवर्धन की ‘तिखट कान’?

खानापूरकर : मी शाळेत विज्ञान शिकवतो. कॉक्लियाला, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीला, ‘कर्णावर्त’ शब्द छान बसतो, आत अडीच वळसे असतातच. अडलंय पुढं. आतला कान आवाज वाढवतो, त्याला काय म्हणायचं? फळ्यावर ‘ध्वनिवर्धक’ लिहिलं तर पोरं म्हणाली, “सर, म्हणजे डॉल्बी?” कन्नडमध्येही ध्वनिवर्धक म्हणजे लाउडस्पीकरच.

शहापूरकर : पोरांचं काय चुकलं ओ? आमचा धंदाच डॉल्बीचा. अॅम्प्लीफायर बारीक-मोठा सगळा आवाज एकाच पटीत वाढवतो. कानाचंही तसंच की.

खानापूरकर : तिथंच तर मेख आहे. कर्णावर्तात केसपेशींची, म्हणजे केसासारखे तंतू असलेल्या आवाज टिपणाऱ्या पेशींची, आतली एक रांग असते, साधारण ३५००. मेंदूला खबर देतात त्या ह्याच. बाहेरच्या तीन रांगांत मिळून १२००० च्या आसपास. त्या आवाजाच्या तालावर स्वतः आखूड-लांब होतात, झोपाळ्याला नेमक्या वेळी पाय मारावा तशा. हे करणारं प्रथिन प्रेस्टिन, २००० साली सापडलं. कुजबूज शंभर पटींहून जास्त वाढते, दणदणाट जवळजवळ आहे तसाच राहतो.

निपाणीकर : मग परीक्षेपुरतं ‘प्रवर्धन’ लिहा. पण आमची आजी म्हणायची तो शब्द बघा : “तिचा कान तिखट आहे.” परसात कुणी चप्पल काढली तरी तिला माजघरात कळायचं. तिखट म्हणजे तीक्ष्ण. नुसतं मोठं ऐकणं नाही, त्याला धार आली.

खानापूरकर : वा! जवळजवळचे दोन सूर वेगळे काढायची धारही ह्याच बाहेरच्या पेशी देतात.

येळ्ळूरकर : आणि उलट बाजूला ‘किवंडा’. कन्नडात किवी म्हणजे कान, किवुड म्हणजे बहिरा. आमच्या घरी ठार ऐकू न येणारा तो बहिरा आणि कमी ऐकणारा तो किवंडा. मामांना हळू बोललं तर “आं?”, जरा आवाज चढवला तर “वरडतोस कशाला?”

खानापूरकर : बाहेरच्या पेशी गेल्या की असंच होतं. बारीक आवाज वाढत नाही, मोठा मात्र पूर्वीइतकाच आदळतो. आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

शहापूरकर : मिरवणुकीनंतर माझेही कान दोन दिवस वाजतात ओ सर.

खानापूरकर : तो आजार वेगळा, डॉक्टरना दाखवा. पण निरोगी कानही खरोखर वाजतो बरं का! १९७८ मध्ये डेव्हिड केंप ह्या शास्त्रज्ञांनी ह्याच बाहेरच्या पेशींमुळे कानातून बाहेर येणारा बारीक आवाज मोजला. आता तान्ह्या बाळाच्या कानात छोटं बोंडूक घालून तोच तपासतात. त्याला मराठीत काय म्हणूया? ‘कान वाजणं’ तर आपण भासासाठी आधीच खर्चून बसलोय.