जुनी गाडी आणि पाऊस : आधी वायपरची रबरं बदला, कोटिंगचा नाद सोडा

आठशेवाला (जळगाव)
माझ्या 2006 च्या मारुती 800 साठी वायपर घ्यायला गेलो होतो. दुकानातल्या पोराने ब्लेडला हात लावायच्या आधी काचेवरून पाणी पळवणाऱ्या कोटिंगची बाटली काढून समोर ठेवली. "काका, हे काचेला लावा, वायपर लागणारच नाही." किंमत साडेचारशे. घेतली नाही. का नाही, ते लिहितो. पटणार नाही त्यांनी खुशाल हाणावं.

आपल्याकडे पावसाचे चार महिने. बाकीचे आठ महिने वायपर काचेवर पडून नुसता भाजला जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर, आणि उन्हात उभ्या गाडीची काच त्याहून गरम. रबराची धार त्यात कडक होते आणि ज्या बाजूला वळलेली असेल तशीच बसते. मग पहिल्या पावसात परतीच्या फेरीला ती धार पलटी खात नाही. वायपर उड्या मारतो, कर्रकर्र वाजतो आणि नेमकी डोळ्यांसमोर एक रेघ सोडतो. रोग रबराचा आहे, बाटली काचेला कशाला?

माझा नियम साधा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात फ्रेमवाले साधे ब्लेड, किंवा फ्रेम चांगली असेल तर नुसती रबर पट्टी. काच साबणाने दोनदा धुवायची. बस.

कोंडाईबारी
काका, तुमची गाडी फुले मार्केटच्या पुढे जात नसावी. मी दर आठवड्याला रात्री धुळे-सुरत करतो, 2009 ची वॅगन आर. विसरवाडीच्या अलीकडे घाटात ट्रकच्या मागे लागलात की वरून पडणाऱ्या पाण्यापेक्षा त्याच्या चाकांनी उडवलेलं पाणी जास्त असतं. वायपर फुल स्पीडला टाकला तरी दोन फेऱ्यांच्या मधे काच आंधळी.

कोटिंग म्हणजे जादू नाही. कोऱ्या काचेला पाणी चिकटतं, पसरतं. सिलिकॉनचा पातळ थर दिला की तेच पाणी केळीच्या पानावर राहतं तसं गोळा होऊन थांबतं, आणि साठ-सत्तरचा वेग आला की वाऱ्याने वर पळतं. नवं रबर हे करू शकत नाही. जुन्या गाडीची वायपर मोटर आधीच दमलेली, तिचं काम कमी झालं तर वाईट काय?

आठशेवाला
साठ-सत्तरचा वेग आला की, असं तुम्हीच म्हणालात. आणि वीसला असताना? सिग्नलला?

चाळीसगाव_फाटा
हेच विचारणार होतो. कन्नड घाटात पावसात कोण साठने जातं? 2021 च्या ऑगस्टअखेरीस तिथे दरडी कोसळल्या, तेव्हापासून मी तो घाट दुसऱ्या गिअरमध्येच चढतो. कोटिंग लावून एकदा गेलो. थेंब काचेवरून हलेनात. वायपर फिरला की मागे बारीक बारीक थेंबांची धुकट जाळी राहायची आणि समोरच्या गाडीचा दिवा त्यात फुटून सगळी काच चमकायची. त्यापेक्षा कोऱ्या काचेवर पाण्याचा सपाट पापुद्रा परवडतो. निदान आरपार दिसतं. घरी येऊन काच घासून काढली.

कोंडाईबारी
लावायला चुकलं असणार. काच तापलेली असताना लावलं, की खाली आधीचा तेलकट थर होता?

चाळीसगाव_फाटा
सर्व्हिसिंग करून आणली आणि त्याच दिवशी लावलं.

स्पेअरपार्टवाला (धुळे)
मग भाऊ, गुन्हेगार सापडला. आपल्याकडे पावसाळ्याआधी सर्व्हिसिंगला खालून डिझेलचा फवारा मारतात, गंज लागू नये म्हणून. ते उडून काचेवर बसतं. वरून पोरगं डॅशबोर्ड पॉलिशच्या फडक्यानेच काच पुसतं. त्या थरावर कोटिंग धरतच नाही. आधी भांड्याचा साबण, मग सॅनिटायझर किंवा स्पिरिटने पुसायचं आणि वरून पाणी ओतून बघायचं. पाणी सलग पसरलं तर काच साफ. तुटक तुटक पळालं तर अजून तेल आहे. हार्ड वॉटरचे पांढरे डाग असतील तर पातळ व्हिनेगर. आणि हे सगळं सावलीत, सकाळी.

आता माझं मत, जे दोघांनाही आवडणार नाही. माझ्या काउंटरवर वायपरची तक्रार घेऊन येणाऱ्यांत बऱ्याच जणांची ना रबराची भानगड असते ना काचेची. ब्लेड धरणारी दांडी! पंधरा वर्षांत दांडीची स्प्रिंग ढिली पडते, सांध्यात धूळ आणि गंज बसतो, दाब कमी होतो. गिऱ्हाईक महागडे फ्रेमलेस ब्लेड घेऊन जातं. पुढच्या सोमवारी परत, "बाजूने पाणी सोडतंय." फ्रेमलेसच्या आत आधीच वाक दिलेली पोलादी पट्टी असते. काचेचा वाक तिच्याशी जुळला नाही तर टोकं उचलतात. फ्रेमवाल्याला पाच-सहा ठिकाणी पंजे असतात, ते काचेप्रमाणे बसतात. जुन्या गाड्यांना यू-हुकचा (दांडीच्या वाकड्या टोकात अडकणारा) साधा फ्रेमवालाच लावा, असं मी माझं नुकसान करून सांगतो.

उडी मारतोय ती एकाच दिशेला की दोन्हीकडे, ते बघा. एकाच दिशेला असेल आणि रबर नवं असेल, तर दांडी पिळली आहे. ब्लेड काचेला काटकोनात उभं नाही. दोन पकडींनी हलकंसं सरळ करता येतं, पण ब्लेड काढून, आणि काचेवर जाड फडकं टाकून. दांडी सुटून काचेवर आपटली तर वायपरच्या पैशात विंडशील्ड येत नाही.

आणि साइज घरून टेपने मोजून आणा. "एक इंच मोठा द्या, जास्त पुसेल" म्हणणारे रोज भेटतात. तो शेजारच्या ब्लेडला भिडतो.

भुसावळ_यार्ड
आमचे वडील एसटीवर चालक होते. पाऊस आला की खिशातली तंबाखू ओली करून काचेवर चोळायचे. कोणी बटाटा कापून चोळायचं. त्याने थेंब गोळा व्हायचे नाहीत, पाणी पसरायचं. म्हणजे बाटलीच्या बरोबर उलटं काम! तेव्हा काय भो, मूळ भांडण "थेंब पाहिजे की पापुद्रा" हेच आहे.

आणि एक विनंती. डिझेलने किंवा पेट्रोलने रबर पुसू नका. दोन दिवस मऊ लागतं, मग फुगतं आणि धार जाते. मी हे पाप दोनदा केलंय.

नवी_चालक (नंदुरबार)
माझ्या ऑम्नीला एसी नाही. पावसात बाहेरून वायपर चालतो तरी काच धुरकट. कोटिंगने जाईल का?

स्पेअरपार्टवाला (धुळे)
नाही ताई, ते आतलं बाष्प आहे. आतून काच तेलकट असली की जास्त धरतं, ती साफ करा. शेजारची काच दोन बोटं उघडी ठेवा, ब्लोअर असेल तर हवा काचेवर सोडा. बाटलीवाल्याला हे विचारलं असतं तर त्याने आणखी एक बाटली दिली असती.

कोंडाईबारी
आठशेवाले काका, वाद कशाला. दोन्ही रबरं नवी टाका, काच साफ करा, अर्ध्या काचेला कोटिंग लावा आणि पारोळ्यापर्यंत जाऊन या. बाटली माझ्याकडून.

आठशेवाला
(पाऊस पडला म्हणून धागा वर काढतोय.)

केलं. डावीकडे कोटिंग, उजवीकडे म्हणजे माझ्यासमोर कोरी काच. गावातून बाहेर पडेपर्यंत डावा वायपर दर तिसऱ्या-चौथ्या फेरीला थरथरत होता, उजवा गुपचूप. एवढ्यात मी जिंकलो होतो.

एरंडोलच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, काटा सत्तरवर गेला. डावीकडचे थेंब मुंग्यांची रांग चालावी तसे वर सरकायला लागले. एक ट्रक पाणी उडवत गेला. माझ्यासमोर दोन सेकंद पांढरं, डावीकडे लगेच रस्ता दिसला. बायको डावीकडे बसली होती. म्हणाली, "मला सगळं दिसतंय. गाडी तुम्ही का चालवताय?"

तरी माझं म्हणणं कायम. गावात आणि घाटात रबर. रात्री हायवेवर पळणाऱ्यांनी कोटिंग लावावं, एवढं कबूल. आणि बाजूच्या आरशांना तर लावाच. तिथे वायपर नसतो, मागची गाडी स्पष्ट दिसली.

कोंडाईबारी
मग आता उजव्या बाजूलाही लावून टाका की.

आठशेवाला
बाटली संपली. शेजाऱ्यांच्या आरशांनाही लावली.