थॉमस कपवाला थॉमस नक्की कोण?

प्रश्न: बॅडमिंटनचा थॉमस कप ज्याच्या नावाने आहे तो सर जॉर्ज थॉमस स्वतः भारी खेळायचा का, की नुसता पदाधिकारी होता?

शटलवेडा: नुसता पदाधिकारी?? अहो ऑल इंग्लंड या मानाच्या बॅडमिंटन स्पर्धेची 21 टायटलं आहेत त्याची! पहिलं 1903 ला, शेवटचं 1928 ला. त्यातली सिंगल्सची चारच पण ती सलग, 1920 ते 23, म्हणजे चाळिशीच्या आसपास, आणि त्याआधी पहिल्या महायुद्धामुळे स्पर्धा बंद होती ती वर्षं वेगळीच. बाकी सगळी डबल्स-मिक्स्ड. 1934 ला आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन फेडरेशन निघाली तिचा पहिला अध्यक्षही हाच.

प्यादं: बुद्धिबळवाले त्याला वेगळ्याच कारणाने ओळखतात 😄 1912 ला लंडनमधे एडवर्ड लास्करने वजीर बळी देऊन याच्या राजाला एकेक चेक देत पार स्वतःच्या पहिल्या रांगेपर्यंत ओढत नेला आणि तिथे मात, तीही राजा एक घर सरकवून. पण हा काही लिंबूटिंबू नव्हता हां, 1923 आणि 34 ला ब्रिटिश चॅम्पियन, आणि हेस्टिंग्जच्या स्पर्धेत कापाब्लांका, बोटविनिक या दोन्ही दिग्गजांना हरवलंय.

प्रश्नकर्ता: 1923 ला दोन्हीकडे चॅम्पियन?? कमाल आहे राव