मदत हवी आहे: जगभरचे आजचे चित्रकार, इलस्ट्रेटर नावानिशी शोधायचे कसे?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात माझी चांगलीच फजिती झाली, त्यातून हा धागा.

बेळगावात शहापूरला माझं डिझाइनचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, मंडळांचे फ्लेक्स आणि वाढदिवसाचे बॅनर (मधे एक भाऊ, भोवती गोलात चाळीस भाऊ). टिळकवाडीतल्या एका नव्या कॅफेवाल्यानं पिंटरेस्टवरचं एक चित्र मोबाइलवर दाखवलं आणि म्हणाला, भिंतीवर सेम असंच पाहिजे. बाईचा चेहरा, लाल आणि काळा, कुठे रेघ म्हणून नाही, नुसती सावली कापून बसवल्यासारखी. मी केलं. बरं झालं होतं. तर तिथं बसलेली एक कॉलेजची पोरगी म्हणाली, "हे मलिका फाव्रेचं आहे ना?" मला ते माणसाचं नाव आहे की कॅफेचं, तेही कळलं नाही. घरी येऊन शोधलं. फ्रेंच इलस्ट्रेटर, 'न्यूयॉर्कर'ची मुखपृष्ठं केलेली बाई. आणि मी तिचं काम उचलून भिंतीवर मारलं आणि वर पैसेही घेतले. कॅफेवाल्याला सांगून ती भिंत मी बदलून दिली, तो विषय संपला. पण डोक्यातनं जाईना की वीस वर्षं या धंद्यात काढली आणि आज जगात चित्रं कोण काढतंय याची दहा नावं मला सांगता येत नाहीत.

तसं एक नाव लॉकडाऊनमधे कळलं होतं. २०२० साली नेटफ्लिक्सनं डिझाइनवरची एक मालिका यूट्यूबवर फुकट ठेवली होती, तिच्या पहिल्या भागात क्रिस्टोफ नीमन होता. बर्लिनचा. टेबलावरची कुठलीही वस्तू कागदावर ठेवायची आणि तिच्याभोवती चार रेघा ओढून भलतंच काहीतरी करायचं. शाईची दौत घेतली की कॅमेरा. मी तो भाग सहा वेळा पाहिला. पण पुढे काय? त्याच्यावरनं दुसऱ्याकडे कसं जायचं?

पिंटरेस्टवर चित्रं ढिगानं मिळतात, नावं गळून गेलेली असतात. इन्स्टावर मी एकदा मांजराचं चित्र लाइक केलं, तर तीन आठवडे मांजरंच. बिहान्सवर (डिझायनर आपली कामं टाकतात ती साइट) 'पोस्टर' म्हणून शोधलं की पांढऱ्या भिंतीवर टांगलेले सगळे सारखेच मॉकअप, म्हणजे नमुन्याचे फोटो.

मला पाहिजे ते असं. एक, चित्रावरनं चित्रकारापर्यंत पोचायची खात्रीची वाट. दोन, अमेरिका-युरोपच्या बाहेरची माणसं. तीन, आणि हे माझ्या पोटापाण्याचं आहे: दोन लिप्या एका पाटीवर नांदवणारे डिझायनर. इथं पाटीवर साठ टक्के कन्नड हा २०२४ पासूनचा कायदा आहे. मी मराठी श्रीलिपीत टाइप करते, कन्नड नुडीत, आणि कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधे दोन्ही शेजारी ठेवले की एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या सख्ख्या जावा दिसतात. मराठीला वर शिरोरेषा, कन्नड सगळी गोल, आणि तिची ओत्तक्षरं (जोडाक्षरात खाली लागणारी अक्षरं) खाली लोंबणार. एकाच मापात ठेवलं तरी एक मोठं दिसतं, एक बारीक.

दोन विनंत्या. सीमाप्रश्न इथे नको, त्याचे धागे वर भरपूर आहेत. आणि रवी परांजपे बेळगावचेच, के. बी. कुलकर्णींचे विद्यार्थी, पुढे केनियापर्यंत काम करून आले, हे मला माहीत आहे. आप्पा दर दिवाळीला सांगतात. जगातलं सांगा.

प्रतिसाद

चित्रकारापर्यंत पोचायला आधी गुगल लेन्स (फोटोवरनं शोधायची सोय), पण पहिल्या निकालावर थांबू नका. सगळ्यात जुनं पान कुठलं ते बघा. पिंटरेस्टचे दुवे सोडून द्या, मासिकाचा किंवा प्रकाशकाचा दुवा पकडा. तिथं नाव छापलेलं असतंच, कारण त्याचे पैसे दिलेले असतात.

नवीन माणसं शोधायला मी पुरस्कारांच्या याद्या वाचते. विजेत्यांपेक्षा अंतिम यादीत जास्त मजा असते. मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रकारांसाठी हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार दर दोन वर्षांनी देतात: २०१४ ला ब्राझीलचा रोजर मेलो, २०२२ ला कोरियाची सुझी ली, २०२४ ला कॅनडाचा सिडनी स्मिथ. प्रत्येक देश आपापलं नाव पाठवतो, म्हणून कधी न ऐकलेल्या देशांतली माणसं सापडतात. स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला १९६७ पासून इलस्ट्रेशनची द्वैवार्षिकी भरते, तिथंही तसंच. सुझी लीपासून सुरू करा. कोळसा आणि एखादाच रंग, बाकी पान कोरं. फ्लेक्सवाल्यांना कोरी जागा बघून चक्कर येईल.

प्रतिसाद

लेन्स वगैरे ठीक, पण हल्ली पिंटरेस्टवर निम्मं एआयचं पीक आहे. नावच नसतं तर सापडणार काय? डिसेंबर २०२२ मधे आर्टस्टेशनवर (चित्रकारांनी कामं टाकायची साइट) चित्रकारांनी एआयच्या चित्रांविरुद्ध निषेधाची पाटी प्रोफाइलवर लावली होती. माझी कसोटी साधी: त्या माणसाची कच्ची स्केचेस, फसलेली कामं, पाच वर्षांपूर्वीचं काहीतरी दिसतं का? नसेल तर पुढे.

प्रतिसाद

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठी लॉगिन केलं.

लिरॉन लावी तुर्केनिच. इस्रायलची टाइप डिझायनर, म्हणजे फाँटची अक्षरं रचणारी. तिनं 'अराव्रित' नावाची अक्षरं केली आहेत: वरचा अर्धा भाग अरबी, खालचा हिब्रू, दोन्ही मिळून एकच अक्षर. युक्ती अशी की अरबी वरच्या अर्ध्यावरनं वाचता येते आणि हिब्रू खालच्या अर्ध्यावरनं. ज्याला जी येते ती त्यानं वाचावी, दुसरीही समोर असतेच.

रोजच्या कामाला मात्र मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फाँटवाल्यांचा 'बालू' हा फाँट उतरवून घ्या. फुकट आहे. देवनागरीत बालू आणि कन्नडमधे बालू तम्मा, एकाच घराण्यातले, जाडी आणि वळण जुळवलेलं. जावा नाही, भावंडं.

आणि आप्पा पेंटर असतील तर त्यांना हनीफ कुरेशीचं 'हँडपेंटेड टाइप' दाखवा. रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं घेऊन त्यानं फाँट केले आणि फाँटना त्या पेंटरांचीच नावं दिली: पेंटर उमेश, पेंटर कफील. २०२४ मधे तो गेला. दिल्लीत लोधी कॉलनीच्या भिंती रंगवणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांतला तो एक.

प्रतिसाद

सगळे मोबाइलवरच काय शोधताय? डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, २०१६ पासून. चोर्ला घाटानं गेलं तर सकाळी निघून रात्री जेवायला घरी. (घाटाची अवस्था विचारू नका. कंबरेची जबाबदारी तुमची.) चित्राखालची पाटी वाचायची, नाव वहीत लिहायचं, घरी येऊन शोधायचं. मी असंच करतो.

युरोपबाहेरचं एक नाव देतो: एल अनात्सुई. जन्म घानाचा, आयुष्य नायजेरियात मास्तरकीत गेलं. दारूच्या बाटल्यांची बुचं चेपून तांब्याच्या तारेनं जोडतो आणि भिंतीएवढी वस्त्रं करतो. २०१५ ला व्हेनिस बिनालेनं जीवनगौरव दिला. शहापूर विणकरांचं, तिथल्या माणसाला तर ते बघून आधी मागाची आठवण होईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, मधे लगीनसराई.

पणजीचं सुचवणारे दादा, मागाचं अगदी बरोबर बोललात. अनात्सुईचा फोटो शेजारच्या मागवाल्या काकांना दाखवला. पहिला प्रश्न: "वजन किती असंल हेचं?" दुसरा: "धूळ कशी काढत्यात?" दोन्हींची उत्तरं मी अजून शोधतेय.

बालू कालच एका बेकरीच्या पाटीला वापरला. वर कन्नड, खाली मराठी. बेकरीवाल्याला फरक कळला नाही, म्हणजे जमलं असणार. ओत्तक्षरं अजून खालच्या शिरोरेषेला टेकतात, तिथं ओळींमधली जागा हातानं वाढवावी लागली.

पेंटर कफीलची अक्षरं आप्पांनी चष्मा लावून बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "सावली उजवीकडं टाकलीय. आमच्यात डावीकडं टाकायचे." आणि फळीवरनं १९८० च्या आसपासची वही काढून दिली. खडूनं आखलेल्या अक्षरांची, मराठी आणि कन्नड दोन्ही. एवढी वर्षं घरात होती आणि मला पत्ता नाही.

अराव्रितवरनं मात्र माझी दोन रात्रींची झोप गेली. 'बेळगाव' तसं करायला बसले, वर देवनागरी, खाली कन्नड. होत नाही. देवनागरीचा खालचा अर्धा काढला की ब, व, क सगळे एकाच माळेचे मणी. उलटं करून बघितलं, तर शिरोरेषा गेल्यावर मराठीच राहत नाही. आप्पा म्हणाले, "हे वाचणार कोण, पोस्टमन?"

आडवं कापायच्या ऐवजी उभं कापून, किंवा दोन रंगांनी एकात एक गुंफून कुणी केलंय का? देवनागरी-कन्नड नसेल तर देवनागरी-तेलुगू, देवनागरी-गुजराती काहीही चालेल. निपाणी, खानापूर, चंदगड, जत, अक्कलकोट इकडच्या मंडळींकडे जुन्या, हातानं रंगवलेल्या दुभाषी पाट्यांचे फोटो असतील तर इथे टाका. पेंटरचं नाव कोपऱ्यात बारीक लिहिलेलं असतं, तेवढं फोटोत येऊ द्या.