विषय: फार्मसीला जायचं, तर कॉलेजात कुठले विषय घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

लेक ऑगस्टमध्ये कॉलेजला जातेय. फार्मसीला जायचं तिचं पक्कं आहे, पण बारावीनंतरच्या थेट सहा वर्षांच्या कोर्सला नंबर लागला नाही. आता ती म्हणते बायॉलॉजी मेजर (म्हणजे पदवीचा मुख्य विषय) घेते, तिचे बाबा म्हणतात केमिस्ट्री घे. मी पुण्यात बी.फार्म. केलं, तरी इथली, अमेरिकेतली पद्धत डोक्यात शिरत नाही. कुणाच्या घरी हे झालं असेल तर प्लीज सांगा.

– एडिसनहून, एक आई

*

ताई, नमस्कार.

माझी मुलगी याच वाटेनं गेली, म्हणून सविस्तर लिहितो. मेजरवरून घरात वाद घालू नका. फार्म.डी.च्या, म्हणजे इथे फार्मासिस्ट व्हायला लागणाऱ्या डिग्रीच्या, बऱ्याच कॉलेजांना आधीची पदवीसुद्धा लागत नाही, ठरलेले प्रीरेक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी करायचे विषय झालेले लागतात. खरं लक्ष द्यायचं ते केमिस्ट्रीकडे. जनरल केमिस्ट्रीच्या दोन सेमिस्टर झाल्याशिवाय ऑरगॅनिक मिळत नाही, ऑरगॅनिकच्याही दोन, आणि बायोकेमिस्ट्री त्यानंतर. पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री घेतली नाही, तर अख्खं वर्ष पुढे ढकललं जातं.

आमची चूक सांगतो. अ‍ॅडव्हायझरनं मुलीला पहिल्या वर्षी जी केमिस्ट्री दिली, ती नर्सिंगच्या मुलांसाठीची एका सेमिस्टरची होती. नावात केमिस्ट्री, सोबत लॅबही, त्यामुळे आम्हाला शंकाच आली नाही. पुढच्या वर्षी ऑरगॅनिकला नाव घालायला गेली तेव्हा कळलं, ती धरतच नाहीत. चार क्रेडिटची फी गेली, उन्हाळ्याची सुट्टी गेली, आणि पोरगी त्या रात्री जेवली नाही. म्हणून कॅटलॉगमध्ये विषयाखालची बारीक ओळ वाचा: "सायन्स मेजरसाठी" असं असलेलीच घ्या.

बाकी बायॉलॉजी, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश हे बहुतेक ठिकाणी लागतं. फिजिक्स, इकॉनॉमिक्स काही जण मागतात, काही नाही. पब्लिक स्पीकिंग मात्र नुसतं उरकू देऊ नका. काउंटरपलीकडच्या घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला गोळी कधी, कशी घ्यायची हे समजावणं हेच तर फार्मासिस्टचं काम.

आणि एक. अर्ज बहुतेक ठिकाणी फार्मकॅसवरून, म्हणजे फार्मसी कॉलेजांच्या सामायिक ऑनलाइन अर्जावरून जातो. तिथे विषय पुन्हा दिला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, सरासरीत दोन्ही धरतात. तेव्हा पहिल्याच सेमिस्टरला चार-चार सायन्स कोंबू नका. पीकॅट ही प्रवेशपरीक्षा २०२४ साली बंद झाली, त्यामुळे ग्रेडचं वजन आणखी वाढलंय.

– पार्सिपनीहून

*

दादा, मनापासून आभार. आत्ताच तिच्यासोबत बसून कॅटलॉग उघडला, केमिस्ट्री बरोबर आहे. पण एपी केमिस्ट्रीत (हायस्कूलमध्येच देतात ती कॉलेज पातळीची परीक्षा) तिला ५ पैकी ५ आहेत. मग पहिली केमिस्ट्री सोडून थेट ऑरगॅनिकला बसवू का?

*

ताई, घाई नको. एपीचं क्रेडिट काही फार्मसी कॉलेजं धरतात, काही विज्ञानाच्या विषयांना अजिबात धरत नाहीत. तिच्या मनातली पाच-सहा कॉलेजं घ्या, प्रत्येकाच्या साइटवरची प्रीरेक्विझिटची यादी छापून शेजारी शेजारी ठेवा. त्यातल्या एका जरी कॉलेजनं एपी चालत नाही म्हटलं असेल तर जनरल केमिस्ट्री कॉलेजातच करू द्या. पाया पक्का होईल, ऑरगॅनिक सोपं जाईल. याद्या जमल्या की शनिवारी फोन करा, माझी मुलगी घरी असते. ती तुमच्या लेकीशी थेट बोलेल.