गाडीच्या पुढून आवाज आला की पार्टचा अख्खा सेट बदलायचा, हे मला पटत नाही

सैफुलकर

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर झालेली. दिवाळीच्या आधीपासून पुढच्या डाव्या चाकाकडून टक्-टक् यायला लागलं. आवाज मोठ्या खड्ड्यात नव्हता. सोलापूरच्या विजापूर रोडवरून आमच्या गल्लीत वळलं की पेव्हर ब्लॉकवर, पंधरा-वीसच्या वेगात यायचा. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तर काही नाही, एकच चाक चढलं की टक्.

एका गॅरेजला दाखवली. मिस्त्रीने चक्कर मारली, डावी बाजू जॅकवर घेतली, चाक धरून हलवलं आणि म्हणाला, "लोअर आर्म गेलेत, दोन्ही टाका." चाकाला खालून धरणारे ते दोन दांडे टाकले. अलाइनमेंटसकट साडेआठ हजार, आवाज तसाच. मग शॉकअपची माउंटिंग, आणखी साडेतीन हजार. तरी आवाज तसाच. तिसऱ्या वेळी "आता स्टिअरिंगचा रॅक खोलावा लागंल" म्हटल्यावर मी गाडी घेऊन आलो.

नंतर अक्कलकोट रोडला एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी काहीच आणायला सांगितलं नाही. गाडी रॅम्पवर घेतली, स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी झुकू न देणारा दांडा) दोन्ही लिंक, म्हणजे तो चाकाकडे जोडणाऱ्या छोट्या दांड्या, काढल्या, बार तारेने बांधला आणि म्हणाला, "आता तुमच्या गल्लीत हळू फिरवून या." आवाज गायब! परत आलो तर त्याने काढलेली डावी लिंक माझ्या हातात ठेवली. तिचं टोक नुसतं लोंबकळत होतं, हलवलं की टकटक करत होतं. उजवीचं अंगठ्याने जोर लावला तेव्हा कुठे हललं. तरी जोडीने दोन्ही बदलल्या, मजुरीसकट सतराशे.

जुने लोअर आर्म मी पोत्यात भरून ठेवले होते. काल गच्चीवर काढून बघितले. बॉल जॉइंटचं (आर्म चाकाकडे जोडणारा गोळ्याचा सांधा) रबर शाबूत, आत ग्रीस आहे, रबरी बुशला भेग नाही. म्हणजे बारा हजार रुपये चांगले पार्ट काढून टाकण्यात गेले. माझं म्हणणं एवढंच की आवाज कुठून येतो हे दाखवल्याशिवाय गॅरेजने एकही पार्ट बदलू नये आणि आपणही बदलू देऊ नये. तुमचं मत सांगा.

मोहोळ रोज अप-डाउन

मला हे मत धोक्याचं वाटतं. तुमची लिंक निघाली म्हणून बरं. मी पण "आधी नक्की काय ते बघू" म्हणत दोन महिने काढले. आवाज कधी यायचा, कधी नाही. हायवेवर तर काहीच जाणवायचं नाही. एक दिवस मोहोळच्या अलीकडे गावाकडच्या रस्त्याला वळलो आणि उजवा बॉल जॉइंट सुटला. चाक बाहेरच्या बाजूला मुडपलं, एक्सल निसटला, स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. वेग वीसच्या आत होता आणि मागच्या सीटवर आई होती. पाच मिनिटं आधी हेच हायवेवर झालं असतं तर?

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. ८० हजारांच्या पुढे गाडी गेली आणि पुढून आवाज आला की दोन्ही लोअर आर्म, दोन्ही लिंक, टाय रॉड एंड (स्टिअरिंग चाकाला जोडणारे सांधे) एकदाच. मजुरी एकदाच, अलाइनमेंट एकदाच, डोक्याला ताप नाही.

सैफुलकर

दादा, आई गाडीत होती हे वाचून काळजात धस्स झालं. पण दोन महिने तुम्ही शोधत नव्हता, थांबला होता. त्या दोन महिन्यांत कोणी एकदा खाली टॉमी (लोखंडी पहार) लावून बॉल जॉइंट बघितला असता तर तो त्याच दिवशी सापडला असता. थांबा असं मी म्हणतच नाही. आजच्या आज शोधा, म्हणतोय.

मोहोळ रोज अप-डाउन

दाखवली होती हो दोन ठिकाणी. दोघांनी चाक हलवून "काही नाही" सांगितलं. म्हणूनच माझा या तपासणीवर विश्वास उरला नाही.

पुढच्या कामाचा मिस्त्री

मालक, मी बावीस वर्षं पुढचंच काम करतोय, मला दोघांनाही सांगायचंय.

सैफुलकर, तुमच्या पहिल्या गॅरेजला लिंक का सापडली नाही ते बघा. एकच चाक जॅकवर उचललं की बारला पीळ बसतो आणि लिंक ताणून राहते. ताणलेल्या लिंकचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला लागतच नाही. दोन्ही चाकं खाली टेकलेली पाहिजेत, नाहीतर दोन्ही अधांतरी. बॉल जॉइंटचं वेगळं. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचं वजन स्प्रिंग आणि शॉकअप घेतात, खालचा बॉल जॉइंट चाकाला नुसता जागेवर धरतो. त्याला चाक अधांतरी करून, आर्मखाली टॉमी घालूनच बघायचं. चाक वर-खाली धरून हलतंय असं वाटलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तरी हललं तर बॉल जॉइंट. डावी-उजवी बाजू धरून हललं तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड. मोहोळवाल्या दादांच्या गाडीला नुसतं चाक हलवून सोडलं असणार.

हे सगळं नीट करायला तास-दीड तास जातो. आता पैशाचं बोलतो, राग मानू नका. गेल्या महिन्यात एका गाडीचा आवाज शोधायला पाऊण दिवस गेला. निघालं काय, तर सबफ्रेमचा (इंजिनाखालचा सांगाडा) एक बोल्ट ढिला. तो आवळला, आवाज बंद. पाचशे मागितले तर गिऱ्हाईक म्हणालं, "नुसता बोल्ट तर आवळला की ओ!" त्याच गाडीला मी दोन आर्म टाकून सहा हजारांचं बिल केलं असतं तर त्याने हसत दिले असते. शोधायचे पैसे कोणी देत नाही, पार्टचे देतात. मग गॅरेजवाला काय शिकणार? आम्ही चुकतो, मान्य आहे. पण सवय तुम्ही पण लावली आहे.

जुळे सोलापूरची

मिस्त्रीदादांचं पटलं, पण एक शंका. पाचशे रुपये दिले आणि आवाज सापडलाच नाही तर?

माझा अनुभव सांगते. स्टिअरिंग थोडंसं डावं-उजवं केलं की हाताला ठक् असं लागायचं, खडबडीत रस्त्यावर जास्त. एका ठिकाणी रॅक बदला म्हणाले, अठ्ठावीस हजार. भाऊ म्हणाला, थांब. गाडी जमिनीवरच, इंजिन बंद. मी आत बसून स्टिअरिंग दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे करत राहिले आणि तो टॉर्च घेऊन पेडलच्या वर वाकला. स्टिअरिंगचा दांडा खाली जातो तिथल्या क्रॉस जॉइंटवर हात ठेवला तर वरचा भाग आधी फिरायचा, खालचा किंचित उशिरा. तेवढंच! तो मधला शाफ्ट बदलला, आवाज संपला. रॅकला हात लावला नाही. भावाला जे दहा मिनिटांत दिसलं ते पैसे घेऊन तपासणाऱ्यांना का दिसू नये?

पुढच्या कामाचा मिस्त्री

ताई, भावाने केलं तेच बरोबर. सापडलं नाही तरी काय काय तपासलं आणि काय ठीक आहे ते मी कागदावर लिहून देतो. तो कागद घेऊन पुढच्या गॅरेजला जा, सैफुलकरांचे गेले तसे बारा हजार तिथेच वाचतात.

निवृत्त, सात रस्ता

मूळ रोगावर कोणीच बोलत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मापाने गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे गाडी २५ च्या वेगाने आरामात जाते. आपल्याकडे डांबराची अरुंद वरवंटी टाकून ठेवतात, पट्टेही नसतात. त्यात खोदून अर्धवट बुजवलेले रस्ते आणि मे महिन्यात चाळीसच्या वर तापणारं ऊन. रबराचे बुश टिकतील कसे? गॅरेजवाल्याशी भांडण्यापेक्षा महापालिकेला अर्ज करा.

सैफुलकर

काका, अर्ज मी करतो, तुम्हीही करा. पण माझ्या गाडीचा चांगला आर्म रस्त्यामुळे निघाला नाही, अंदाजामुळे निघाला.

मोहोळ रोज अप-डाउन

मिस्त्रीदादा, तुमची टॉमीची गोष्ट वाचून वाटलं, माझं खरंच कोणी नीट बघितलं नव्हतं. तरी माझं मत अर्धंच बदललं. बॉल जॉइंटच्या बाबतीत मी थांबणार नाही. लिंक किंवा बारचं बुश गेलं तर आवाज येईल, गाडी वळणावर थोडी जास्त झुकेल, पण चाक जागेवर राहील. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड गेले तर माणसं जातील. या दोन्हीत जराही शंका असेल तर पार्ट बदलावा, सिद्ध व्हायची वाट बघू नये. सैफुलकर, तुमचं "एकही पार्ट नाही" हे वाक्य मला अजूनही मान्य नाही.

सैफुलकर

ते दोन वगळतो. टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंटला प्ले लागला किंवा रबर फाटलेलं दिसलं तर त्याच दिवशी बदला. आवाज असो वा नसो. बाकीच्यांना माझं वाक्य लागू.

पुढच्या कामाचा मिस्त्री

आता बरोबर बोललात. आणि उगाच आर्म बदलण्याचा आणखी एक तोटा आहे. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे असतात. बरेच जण चाक लटकत असतानाच आवळून मोकळे होतात. गाडी खाली आली की बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. सैफुलकर, तुमचे नवीन आर्म कसे आवळलेत ते एकदा बघून घ्या.

जुळे सोलापूरची

शेवटचं एक विचारते. मैत्रिणीच्या गाडीला उभ्या उभ्या स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की वर बॉनेटकडे टण् असा आवाज येतो, तार सुटल्यासारखा. चालत्या गाडीत खडखड पण येते. ब्रेकवर हलका पाय ठेवला तरी ती तशीच राहते, म्हणजे ब्रेकचे पॅड नसावेत ना?

पुढच्या कामाचा मिस्त्री

पॅड किंवा कॅलिपरच्या पिन असत्या तर हलक्या ब्रेकने आवाज थांबला असता. हे शॉकअपच्या वरच्या बेअरिंगचं वाटतं. ते जाम झालं की स्प्रिंग फिरता फिरता अडकते आणि एकदम उडी मारते. कोणीतरी स्टिअरिंग फिरवत असताना बाहेरून स्प्रिंगवर हलका हात ठेवा, बोटं वेटोळ्यांच्या मधे घालू नका. झटका हाताला लागला तर तेच. मैत्रिणीला सांगा, सकाळी दहाच्या आत गाडी आणा, इंजिन गार असताना. आणि ज्या रस्त्यावर आवाज येतो तिथे मला आधी बाजूला बसवून न्या.