शब्दचर्चा : 'सबलिमिनल' जाहिरात म्हणजे छुपी, सुप्त की आणखी काही? (बोलणारे इंदूरचे, आपापल्या मोहल्ल्याच्या नावानं)

तोपखाना : इथल्या, म्हणजे इंदूरच्या, आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी भाची जाहिरातींवर लेख लिहितेय. शिक्षण इंग्रजीत, घराबाहेर हिंदी, त्यामुळे तिनं बिनधास्त 'ग्राहक अचेतनपणे खरेदी करतो' असं लिहिलं. मी खोडलं. हिंदीत चालत असेल, मराठीत अचेतन म्हणजे दगडधोंडे! पण मग 'सबलिमिनल'ला, म्हणजे बघणाऱ्याला जाणवतही नाही अशा जाहिरातीला, म्हणायचं काय? 'छुपी जाहिरात' चालेल?

सियागंज : छुपी नको. छुपी म्हणजे करणाऱ्यानं दडवलेली. शोधली की सापडते. सिनेमाचा नायक ठरावीक कंपनीचीच मोटार चालवतो, ती छुपी. दारूवाला त्याच नावाचा सोडा दाखवतो तेव्हा तर सरळ 'लेकी बोले सुने लागे', आणि सुनेला बरोब्बर लागतं. सबलिमिनलमध्ये सुनेला काही ऐकूच येत नाही, मेख तिथं आहे.

पलासिया : 'सुप्त संदेश' वाचल्यासारखं वाटतं.

सियागंज : सुप्त गुण म्हणतो तेव्हा गुण झोपलेला असतो. इथं संदेश टक्क जागा असतो, ताई.

जुनी इंदूर : मुळाशी जाऊ. लॅटिन 'लिमेन' म्हणजे उंबरठा, 'सब' म्हणजे खाली. जर्मन मानसशास्त्रज्ञांचा याच अर्थाचा 'श्वेले' हा शब्दही घराच्या उंबरठ्याचाच. उद्दीपन, म्हणजे डोळ्याकानांवर येणारी गोष्ट, इतकं क्षीण किंवा क्षणिक, की जाणिवेचा उंबरठा ओलांडतच नाही. पाठ्यपुस्तकी मराठीत 'बोधसीमा' म्हणता येईल. पण सीमा म्हटली की शिपाई आठवतो, उंबरठा म्हटला की घर. संस्कृतात 'उदुंबर' म्हणजे झाडही आणि उंबरठाही, तेव्हा शब्द आपल्याच दारात पडून आहे.

भाचीला एक मात्र सांगा. या शब्दाचा डंका ज्यानं पिटला तो प्रयोगच फुसका निघाला. १९५७ साली जेम्स व्हिकरी या अमेरिकी माणसानं सांगितलं, की न्यू जर्सीतल्या चित्रपटगृहात पडद्यावर सेकंदाच्या तीन हजाराव्या भागाइतका वेळ 'पॉपकॉर्न खा', 'कोका-कोला प्या' झळकवलं आणि खप वाढला. पॉपकॉर्नचा म्हणे निम्म्याहून जास्त! लोक हादरले. १९६२ मध्ये त्यानंच कबूल केलं, की हाती पुरेशी माहितीच नव्हती. पुढे २००६ साली डच संशोधकांना थोडा परिणाम दिसला, पण ज्यांना आधीच तहान लागली होती त्यांच्यावरच. म्हणजे तहान आपली. संदेशानं फार तर कुठला पेला उचलायचा ते सुचवलं.

पलासिया : मग रात्री सराफ्यात, आपल्या खाऊबाजारात, जिलबीचा वास आला की पावलं वळतात, ते काय? पोट तर भरलेलं असतं.

सियागंज : तो वास उंबरठा ओलांडून थेट माजघरात! त्याला आमिष म्हणा. 'नकळत' हा शब्दही जपून वापरा. वास कळतो, पाय का वळले ते कळत नाही. दोन वेगळी 'न कळणी' आहेत. व्हिकरीच्या गोष्टीत संदेशच कळत नाही.

तोपखाना : भाचीला 'उंबरठ्याखालची जाहिरात' पटलंय. पहिल्यांदा येईल तिथं 'सबलिमिनल, म्हणजे' असं लिहून पुढे मराठीच. आता तिची आजी अडून बसलीय, की आपल्या घरात उंबरठा कुणी म्हणत नाही, उंबरा म्हणतात.

जुनी इंदूर : आजीचं ऐका. 'उंबऱ्याखालची' बोलायलाही सोपं.